थँक्सगिव्हिंगची टर्की उरली, आता करायचं काय? चार दिवसांचं गणित आणि ओव्हनमधली टेट्राझिनी

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार उलटला की अमेरिकेतल्या असंख्य घरांत फ्रिज उघडल्यावर एकच दृश्य दिसतं. अर्धी कापलेली टर्की, वाटीभर ग्रेव्ही, थोडे मटार आणि जागा नाही म्हणून एकावर एक रचलेले डबे. टाकून द्यायला जीव होत नाही आणि सलग तीन दिवस तेच सँडविच खायलाही कंटाळा येतो.

यावर अमेरिकी घरांनी शंभरेक वर्षांपूर्वीच एक उत्तर शोधलं आहे. उरलेलं मांस, नूडल्स किंवा स्पॅगेटी आणि पांढरा सॉस एका भांड्यात घालायचा, वर चीज पसरायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. या पदार्थाचं नाव टेट्राझिनी. मात्र तो करण्याआधी उरलेली टर्की खाण्याजोगी राहिली आहे का, हे पाहावं लागतं. सणाच्या दिवसांत पोट बिघडण्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

एवढी टर्की उरते तरी का?

अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार राष्ट्रीय आभार दिन म्हणून जाहीर केला. पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३९ मध्ये खरेदीचा हंगाम लांबावा म्हणून तो एक आठवडा अलीकडे आणला आणि त्यावरून बराच गोंधळ झाला. शेवटी १९४१ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून चौथा गुरुवार कायम केला. कॅनडात हाच सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो.

या दिवशी ताटात टर्की हवीच, असा रिवाज आहे. अडचण पक्ष्याच्या आकाराची आहे. सणाला आणली जाणारी टर्की सहज सहा-सात किलोंची असते. हाडं आणि भाजताना निघून जाणारं पाणी वजा केलं, तरी जवळपास निम्मं वजन खाण्याजोगं मांस म्हणून उरतं. म्हणजे तीन किलोंच्या आसपास. शेजारी बटाटे, स्टफिंग, क्रॅनबेरी सॉस आणि पाय असताना आठ-दहा माणसं ते एका बैठकीत संपवू शकत नाहीत.

उरलेल्या टर्कीने एक उद्योग उभा केल्याची गोष्टही तिकडे सांगितली जाते. १९५३ मध्ये ओमाहाच्या स्वॉन्सन कंपनीकडे सणानंतर तब्बल २६० टन टर्की पडून राहिली. ती संपवण्यासाठी कप्प्यांच्या ताटलीतलं गोठवलेलं 'टीव्ही डिनर' बाजारात आलं, अशी ही कथा. कल्पना नेमकी कुणाची, यावर मात्र पुढे वाद झाले. टीव्ही डिनर तुफान खपलं, याबद्दल दुमत नाही.

दोन तासांचा नियम काय आहे?

अमेरिकेच्या कृषी विभागाचा नियम साधा आहे. शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. बाहेरचं तापमान ३२ अंश सेल्सियसच्या वर असेल, तर एकाच तासात.

यामागचं कारण तापमानाच्या एका पट्ट्यात आहे. साधारण ४ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू वेगाने वाढतात. ओव्हनमधून निघालेली टर्की टेबलावर ठेवली की हळूहळू या पट्ट्यात उतरते आणि गप्पा रंगल्या की तासन् तास तिथेच राहते.

सणाच्या मांसाबाबत विशेष लक्ष ठेवावं असा जिवाणू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार त्याच्यामुळे त्या देशात दर वर्षी सुमारे १० लाख लोक आजारी पडतात. अशा घटना नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये जास्त आढळतात, आणि टर्की व भाजलेलं बीफ यांच्याशी त्यांचा संबंध वारंवार जोडला गेला आहे.

हा जिवाणू बीजाणूंच्या रूपात शिजवण्याची उष्णता सहन करतो. मांस गार होताना ४३ ते ४७ अंशांच्या आसपास त्याला सर्वांत अनुकूल तापमान मिळतं आणि मग त्याची संख्या काही मिनिटांत दुप्पट होत जाते. मोठ्या पातेल्यात, जाड थरात ठेवलेलं मांस या तापमानात बराच वेळ राहतं. ते खाल्ल्यावर ६ ते २४ तासांत पोटात कळा येतात आणि जुलाब सुरू होतात. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी यांना मात्र त्रास जास्त होऊ शकतो.

पुन्हा कडकडीत गरम केलं तर चालत नाही का?

हा गैरसमज सगळीकडे आहे. उरलेलं अन्न खाण्याआधी आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस गरम करावं, हे खरंच. त्यामुळे वाढलेले जिवाणू मरतात.

पण काही जिवाणू अन्नातच विष तयार करून ठेवतात. हाताच्या त्वचेवरून येणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस त्यातलाच. त्याचं विष उष्णतेला दाद देत नाही. भात आणि पास्त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियसचं उलटी आणणारं विषही गरम केल्याने जात नाही. म्हणजे रात्रभर टेबलावर राहिलेली टर्की सकाळी उकळली, तरी ती सुरक्षित झाली असं धरता येत नाही. वास आणि चव यांवरही भरवसा नको. आजारी पाडणाऱ्या जिवाणूंमुळे अन्नाला वास येईलच असं नाही.

मग लवकर गार कसं करायचं?

इथे भौतिकशास्त्राचा एक नियम कामी येतो. घट्ट पदार्थाच्या मध्यापर्यंत गारवा पोहोचायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० सेंटीमीटर जाड थर ५ सेंटीमीटरचा केला, तर वेळ निम्मा नव्हे, जवळपास पाव होतो.

म्हणून अख्खी टर्की तशीच फ्रिजमध्ये सरकवू नका. मांस हाडांवरून काढा, मोठे तुकडे कापा आणि पसरट डब्यांत दोन इंचांपेक्षा जास्त थर होणार नाही असं ठेवा. पोटात स्टफिंग भरलेलं असेल, तर तेही काढून वेगळ्या डब्यात. अन्न थोडं गरम असताना फ्रिजमध्ये ठेवलं तर चालतं, फक्त डब्यांच्या आजूबाजूला हवा खेळायला जागा हवी. फ्रिजचं तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी असावं.

हाडांचा सांगाडा टाकू नका. कांदा, गाजर, सेलरी आणि मिरे घालून मंद आचेवर दोन-तीन तास उकळला की छान स्टॉक तयार होतो. टेट्राझिनीचा सॉस त्यावरच उभा राहतो. हा स्टॉकही गाळून लहान भांड्यांत ओता आणि भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा.

चार दिवस कुठून मोजायचे?

शिजलेली टर्की फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस टिकते. मोजणी टर्की शिजली त्या दिवसापासून करायची. गुरुवारी भाजलेली टर्की सोमवारपर्यंत संपवायची किंवा त्याआधी फ्रीझरमध्ये टाकायची.

शनिवारी टेट्राझिनी केली म्हणून नवे चार दिवस मिळाले, असं समजू नका. आतलं मांस गुरुवारचंच आहे, त्यामुळे जुनाच हिशेब धरणं शहाणपणाचं. एवढं संपणार नाही असं वाटत असेल, तर तुकडे शुक्रवारीच पिशव्यांत भरा, तारीख लिहा आणि गोठवा. उणे १८ अंशांवर ते सुरक्षित राहतात. फक्त काही महिन्यांनी कोरडे होऊ लागतात आणि चव उतरते.

दुसऱ्या दिवशी टर्कीची चव का बदलते?

फ्रिजमधून काढून गरम केलेल्या टर्कीला एक विशिष्ट, पुठ्ठ्यासारखा वास येतो. मांस खराब झालं असं वाटतं, पण तसं नसतं.

टर्कीच्या मांसात असंतृप्त चरबीचं प्रमाण बरंच असतं. शिजताना मांसातल्या रंगद्रव्यांमधलं लोह मोकळं होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी चरबीची प्रक्रिया वेगाने घडवतं. त्यातून हा शिळा वास तयार होतो. तो कमी करायचा असेल, तर मांसाला हवा लागू द्यायची नाही. डबा गच्च भरा किंवा मांसावर थोडा स्टॉक वा ग्रेव्ही ओतून ठेवा.

सॉसमध्ये भाजलेले पदार्थ उरलेल्या टर्कीला का शोभतात, याचं उत्तरही इथेच आहे. सॉस मांसाला हवेपासून झाकतो, कोरड्या पडलेल्या छातीच्या मांसाला ओलावा देतो, आणि मशरूम व चीज यांची दमदार चव तो वास दडवते.

टेट्राझिनी हे नाव कुठून आलं?

लुईसा टेट्राझिनी ही इटलीची ऑपेरा गायिका. जन्म १८७१ चा, फ्लॉरेन्सचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत तिची विलक्षण लोकप्रियता होती. २४ डिसेंबर १९१० रोजी तिने सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर, लोटाज फाउंटन या कारंज्यापाशी, उघड्यावर आणि फुकट गाऊन दाखवलं. चार वर्षांपूर्वीच भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरात तिला ऐकायला दोन लाखांहून अधिक लोक जमल्याचे अंदाज आहेत.

पदार्थ तिच्या नावाचा, हे नक्की. तो कुणी केला, यावर एकमत नाही. एक दावा सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलचे शेफ अर्नेस्ट आर्बोगास्ट यांच्या बाजूने आहे, तर दुसरा न्यूयॉर्कच्या निकरबॉकर हॉटेलच्या. इटलीत मात्र हा पदार्थ परंपरेने कुणी करत नाही. तो पक्का अमेरिकी आहे.

हॉटेलातला हा पदार्थ घरोघरी पोहोचायला डब्यातल्या सूपने मदत केली. कॅम्पबेल कंपनीचं क्रीम ऑफ मशरूम सूप १९३४ मध्ये बाजारात आलं. सॉस करण्याची कटकट नको असलेल्या घरांनी ते थेट नूडल्स आणि मांसावर ओतायला सुरुवात केली. आजही अनेक घरांत तीच पद्धत आहे. पण उरलेल्या हाडांचा स्टॉक हाताशी असेल, तर डब्याची गरज नाही.

घरी कशी करायची?

साहित्य, सहा जणांसाठी:

- शिजलेल्या टर्कीचे तुकडे: ४५० ग्रॅम
- स्पॅगेटी: २५० ग्रॅम
- मशरूम: २५० ग्रॅम
- लोणी: ६० ग्रॅम, शिवाय मशरूमसाठी एक चमचा
- मैदा: ६० ग्रॅम
- दूध: अर्धा लिटर
- टर्कीचा स्टॉक: अर्धा लिटर
- किसलेलं चीज: १०० ग्रॅम, पार्मेझान असेल तर उत्तम
- मटार: एक वाटी
- कांदा एक, लसूण तीन-चार पाकळ्या
- ब्रेडचा चुरा: एक वाटी
- मीठ, मिरपूड, चिमूटभर जायफळ

कृती:

१. स्पॅगेटी खारट पाण्यात, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी शिजवा आणि निथळा. उरलेली दोन मिनिटं ती सॉसमध्ये शिजते. आधीच पूर्ण शिजवली, तर ओव्हनमध्ये लगदा होतो.

२. पसरट कढईत चमचाभर लोण्यावर मशरूम मोठ्या आचेवर परता. आधी पाणी सुटेल, ते आटू द्या. कडा तपकिरी झाल्या की काढून ठेवा. पाणी आटलं नाही, तर तेच पुढे सॉस पातळ करतं.

३. त्याच कढईत ६० ग्रॅम लोणी, बारीक कांदा आणि लसूण परता. मैदा घालून मंद आचेवर दोन मिनिटं हलवा, कच्चा वास गेला पाहिजे. मैद्याचा प्रत्येक कण लोण्याने माखला की दूध ओतल्यावर गुठळ्या होत नाहीत.

४. स्टॉक आणि दूध थोडं थोडं घालत ढवळा. उकळी आली की सॉस दाटतो. मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, त्याचा हा परिणाम. चमच्याच्या पाठीवर थर बसला की गॅस बंद करा.

५. अर्धं चीज, मिरपूड आणि जायफळ घाला. चव घेऊन मगच मीठ घाला. स्टॉक आणि चीज दोन्ही आधीच खारट असतात.

६. टर्की, मशरूम, मटार आणि स्पॅगेटी सॉसमध्ये मिसळा. या वेळी मिश्रण थोडं सैल दिसायला हवं, कारण ओव्हनमध्ये स्पॅगेटी आणखी ओलावा ओढून घेते.

७. ९ बाय १३ इंचांच्या भांड्यात ओता. वरून उरलेलं चीज आणि थोड्या लोण्यात मळलेला ब्रेडचा चुरा पसरा. १९० अंश सेल्सियसवर २५ ते ३० मिनिटं भाजा. कडेला बुडबुडे यायला हवेत आणि वरचा थर सोनेरी व्हायला हवा. मध्यभागी थर्मामीटरने ७४ अंश दिसले की झालं.

आदल्या दिवशी भांडं भरून फ्रिजमध्ये ठेवलं असेल, तर आधी फॉइलने झाकून भाजा आणि १५ ते २० मिनिटं वाढवून धरा. गारठलेलं काचेचं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये मात्र ठेवू नका. तापमानाच्या झटक्याने काच फुटू शकते.

मराठी घरांत याचं काय होतं?

फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात करणाऱ्यांना उरलेल्या अन्नाचा नवा पदार्थ ही कल्पना नवी नाही. न्यू जर्सी, शिकागो किंवा बे एरियातल्या मराठी घरांतही थँक्सगिव्हिंगला मित्रमंडळी जमतात. टेट्राझिनीत बदल करायला तिथे भरपूर वाव आहे. सॉसच्या लोण्यात दोन हिरव्या मिरच्या आणि काळी मिरी वाढवली, जायफळाऐवजी चिमूटभर गरम मसाला घातला, तरी पदार्थाचा बाज बिघडत नाही. शाकाहारी पाहुण्यांसाठी मशरूम दुप्पट करून आणि भाज्यांचा स्टॉक वापरून वेगळं भांडं लावता येतं. त्यात वरचं चीज कोणतं आहे तेवढं पाहा. पार्मेझानमध्ये परंपरेने प्राणिजन्य रेनेट वापरलं जातं.

एका गोष्टीकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं, ती म्हणजे पाहुण्यांना बांधून दिलेला डबा. समजा, जेवण दुपारी तीनला वाढलं, टर्की सहापर्यंत टेबलावरच राहिली आणि निघताना "अगं, एवढं घेऊन जा, उद्या डब्याला होईल" म्हणत यजमानीणबाईंनी प्रेमाने डबा भरला. पुढे तासाभराचा गाडीप्रवास. म्हणजे ते मांस चार तास बाहेर राहिलं. डबा द्यायचाच असेल, तर जेवण संपताच भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि निघताना बर्फाच्या पिशवीसोबत द्या.

महाराष्ट्रात आणि गोव्यात नाताळला कोंबडी किंवा बदक करणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. मुंबईत डिसेंबरच्या दुपारीही पारा ३२ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे इथे दोन तासांपेक्षा एका तासाचा नियम धरलेला बरा. वीज गेली, तर न उघडलेला फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्यानंतर आतल्या शिजलेल्या मांसाचा मोह सोडावा. वरची कृती उरलेल्या भाजलेल्या कोंबडीवरही तशीच चालते.

टर्कीचा गोव्याशी काय संबंध?

हा पक्षी मूळचा अमेरिका खंडाचा, मेक्सिकोत माणसाळलेला. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगीज जहाजांतून तो भारतात आला. १६१२ मध्ये बादशहा जहांगीरचा सरदार मुकर्रब खान याने गोव्याहून काही अपूर्व प्राणी-पक्षी दरबारात आणले. त्यात टर्कीही होती. जहांगीरने आपल्या आठवणींत तिचं बारकाईने वर्णन केलं आहे. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात. मराठीत मात्र पेरू म्हणजे फळच.

थोडक्यात लक्षात काय ठेवायचं?

- जेवण आटोपताच मांस हाडांवरून काढा. दोन तासांत फ्रिज, उकाड्यात एका तासात.
- थर दोन इंचांपेक्षा जाड नको. डब्यावर शिजवल्याची तारीख लिहा.
- चौथ्या दिवसापर्यंत खा किंवा त्याआधी गोठवा.
- पुन्हा गरम करताना मध्यभागी ७४ अंश. फक्त कडा गरम होऊन चालत नाही.
- रात्रभर बाहेर राहिलेलं मांस वास न घेता, चव न पाहता टाकून द्या. ते टाकताना वाईट वाटणं साहजिक आहे, पण ओव्हनमध्ये कितीही वेळ भाजलं तरी ते पुन्हा खाण्याजोगं होत नाही.